न पाहता काढलेली चित्रं

माझ्या धाकट्या बहिणीच्या ट्रंकेत एक जुनं जर्नल आहे. कापडी पाठीचं, कोपरे झिजलेलं, १९८३ सालचं. कऱ्हाडला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकताना तिनं ते लिहिलं. शेवटी ‘अभ्यास सहल : रत्नागिरी’ असं ठळक अक्षरात शीर्षक आहे आणि पुढं दहा-बारा पानं समुद्रातल्या जीवांची चित्रं. तारामासा, खेकडा, कालवं, समुद्रफूल. बाण काढून अवयवांची नावं लिहिलीत. खाली सरांची सही आणि ‘छान’ असा शेरा. सगळं जागच्या जागी आहे. एकच गोष्ट खोटी आहे. ज्या सहलीचा हा अहवाल, त्या सहलीला माझी बहीण गेलीच नव्हती. तिला जाऊ दिलं नाही, ते मी.

ही गोष्ट सांगायची तर आधी आमचा आणि समुद्राचा संबंध सांगावा लागंल.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात, कऱ्हाड-चिपळूण रस्त्याच्या कडंला. मागं डोंगर, पुढं कोयना. नकाशावर पट्टी ठेवली तर समुद्र काही लांब नाही, पण मधी सह्याद्री आडवा पडलाय. कुंभार्ली घाट उतरला की कोकण. माझा आजा तरणा असताना गूळ, मिरची, कांदे गाडीत भरून चिपळूणला उतरायचा. येताना मीठ, नारळ आणि सुकट आणायचा. आमच्या आळीत समुद्र म्हणजे तेवढाच. मिठाचं पोतं आणि सुकटीचा वास. आजानं गोवळकोटच्या धक्क्यावर खाडी बघितली होती, तिथं लागलेली गलबतं बघितली होती. पण खाडी जिथं दर्याला मिळते, तिथवर तो कधी गेला नाही. “माल भरला की बैलं माघारी वळवायची, दर्या बघून काय करायचाय?” असं म्हणायचा. आमच्या घरात ही समजूत पिढीजात होती. समुद्र हा दुसऱ्यांचा विषय, आपण घाटावरची माणसं.

पण माझ्या लहानपणीच ही समजूत खोटी पडायला लागली होती, आणि ती खोटी पाडत होती आमचीच नदी. कोयना महाबळेश्वराच्या डोंगरात उगवते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिथनं कृष्णा सांगलीला जाते, पुढं कर्नाटक, तेलंगण, आंध्र करत बंगालच्या उपसागराला. म्हणजे आमच्या शिवारात पडलेला पाऊस पूर्वेच्या समुद्राला जायचा. कोयनेवर धरण झालं आणि डोंगराच्या पोटातनं बोगदा काढून पाणी पश्चिमेला, पोफळीच्या वीजघरावर सोडलं. १९६२ च्या सुमाराला पहिली वीज निघाली. चाकं फिरवून झालं की ते पाणी वाशिष्ठी नदीत जातं, चिपळूणवरनं वाहत दाभोळच्या खाडीत उतरतं आणि अरबी समुद्राला मिळतं. पुढं कृष्णा पाणीतंटा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असं पश्चिमेला वळवायला परवानगी दिली. धरण भरलं की १०५ टीएमसी. त्यातला एवढा मोठा वाटा घाट उतरतो. एकाच धरणाचं पाणी दोन समुद्रांना जातं. माझ्या पोटात ही गोष्ट शिरायला पन्नास वर्षं लागली.

त्याच काळात देशात समुद्राचा अभ्यास नव्यानं सुरू झाला होता. १९६० च्या आसपास अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची मोहीम काढली. माणसानं इतर महासागर बरेच तपासले होते, हिंदी महासागर मात्र मागं राहिला होता. आपल्या नौदलाची एक युद्धनौका त्या कामाला दिली होती. तिचं नाव ‘किस्तना’. इंग्रजांच्या कागदावर कृष्णा नदीचं नाव असंच लिहीत. म्हणजे आमच्या नदीच्या नावाची बोट समुद्राचं पाणी, त्यातले बारीक जीव, तळाचा गाळ तपासत फिरत होती आणि कृष्णाकाठच्या आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. त्या मोहिमेतनंच १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, ती आज गोव्यात दोनापावला इथं आहे. त्याआधी १९६१ ला मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था निघाली होती. १९६२ ला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झालं आणि सातारा, सांगली, कोल्हापूरची कॉलेजं त्याच्याखाली आली. खेड्यातली पोरं विज्ञान शिकायला लागली. प्राणिशास्त्राच्या पोरांना वर्षातनं एकदा समुद्रावर न्यायची पद्धत पडली, कारण पुस्तकातले निम्मे जीव आमच्याकडं बघायलाच मिळत नाहीत. ओढ्यात खेकडा सापडंल, तारामासा कुठनं सापडणार?

माझं शिक्षण दहावीला थांबलं. नव्या पद्धतीची दहावीची पहिली तुकडी आमची, १९७५ ची. बापाला दम्यानं धरलं आणि कारभार माझ्याकडं आला. धाकटी मात्र हुशार. आमच्या भावकीत कॉलेजला गेलेली पहिली पोरगी ती. एसटीचा पास काढून रोज कऱ्हाडला जायची. मला तिचा अभिमान होता, हे खोटं नाही. पण अभिमान आणि भरवसा ह्या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

१९८३ च्या जानेवारीत तिनं सहलीचं काढलं. चार दिवस, एकशे दहा रुपये, पोरं-पोरी मिळून, बरोबर सर आणि एक बाई. मी गोठ्यात धार काढत होतो. म्हटलं, “चार रात्री बाहेर? आणि समुद्रावर जाऊन किडं गोळा करायला तुला शिकवतोय व्हय आमी?”

ती खांबाला टेकून उभी होती. म्हणाली, “दादा, सर म्हणत्यात, बघितल्याबिगर कळत न्हाय.”

मी म्हटलं, “पैसं न्हाईत.”

पैसे होते. त्याच महिन्यात मी बैलगाडीची लाकडी चाकं काढून टायरची बसवली, त्याला ह्याच्या कितीतरी पट गेले. खरं कारण मला लोकांच्या तोंडाची भीती वाटली. ती एक अक्षर बोलली नाही. पोरं सहलीला जाऊन आली. काचेच्या बरण्यांत फॉर्मलिन घालून त्यांनी समुद्रातले जीव आणले, तेव्हा तशीच रीत होती. हिनं मैत्रिणीचं जर्नल आठ दिवस घरी आणलं आणि कंदिलाच्या उजेडात सगळं उतरवून काढलं. वर्णन मैत्रिणीचं, चित्रं पुस्तकातली. सरांनी माणुसकी केली आणि सही दिली. बी.एस्सी. झाली, दुसऱ्या उन्हाळ्यात लग्न झालं, सांगली जिल्ह्यात तासगावच्या बाजूला द्राक्षबागायतदाराच्या घरी पडली. प्राणिशास्त्र ट्रंकेत गेलं.

तिच्या पोरीला, म्हणजे माझ्या भाचीला, हे जर्नल आठवी-नववीत असताना सापडलं. तिनं आईला विचारलं, “समुद्रफूल हात लावला की मिटतं, खरं का?” आई म्हणाली, “मला काय म्हाईत? मी कुठं बघितलंय?” तिथनं त्या पोरीच्या डोक्यात काय शिरलं कुणास ठाऊक. बारावी झाली, परीक्षा दिली आणि रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात नंबर लावला. हे कॉलेज १९८१ ला निघालेलं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. चार वर्षांची पदवी. मासे कसे वाढतात, पाण्यात काय असतं, जाळी, बोटी, कोळंबीची तळी, बर्फातला माल, सगळं शिकवतात. म्हणजे आमच्या बहिणीच्या कॉलेजाला रत्नागिरीची सहल निघाली, तेव्हा ते कॉलेज दोन वर्षांचं होतं.

दाजी तयार नव्हते. “द्राक्षाच्या मुलखातली पोरगी मासळी शिकाय जाणार?” त्यांनी मला निरोप धाडला, मामाचं ऐकंल म्हणून. मी तासगावला गेलो. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तशीच, चौकटीला टेकून. मला पस्तीस वर्षांपूर्वीचा गोठ्याचा खांब आठवला. मी दाजींना म्हटलं, “पहिल्या वर्षाची फी मी भरतो. जाऊ द्या तिला.” बहिणीनं माझ्याकडं बघितलं आणि चुलीकडं वळली. आमच्यात त्यावर एवढंच बोलणं झालं.

भाची तिसऱ्या वर्षाला असताना मार्चमध्ये मी बहिणीला घेऊन रत्नागिरीला गेलो. कऱ्हाडहून एसटी. घाट उतरल्यावर पोफळीपाशी मी तिला वीजघराचा फाटा दाखवला. म्हटलं, “आपलं पाणी हितनं खाली येतं.” ती खिडकीतनं बघत राहिली. ती समुद्रावर ह्याआधी गेली नव्हती असं नाही. गणपतीपुळ्याला देवदर्शनाला गेलेली, पायाला लाट लावून माघारी आलेली. पण भाची फोनवर म्हणाली होती, “मामा, पुळणीवरनं समुद्र कळत नाही. खडपावर यायला पाहिजे, आणि तेही ओहोटीला.”

ओहोटीचा हिशोब तिनं मला आदल्या रात्री शिकवला. कॉलेजात छापील तक्ता असतो, पण दर्यावर्दी माणसं तिथीवरनं काढतात. तिथीला पाऊणनं गुणायचं, भरतीची वेळ ढोबळ मानानं हाती येते. द्वितीया असंल तर दीड. म्हणजे दीड वाजता भरती आणि तिच्या सव्वासहा तास अलीकडं-पलीकडं ओहोटी. रोज ही वेळ पाऊण-एक तासानं पुढं सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फारसं हलत नाही. खालचे दगड उघडे पडायचे तर उधाणाचेच दिवस धरावे लागतात. मी म्हटलं, हे तर पेरणीच्या वापशासारखं झालं. दिवस तुमच्या सोयीचा नाही, जमिनीच्या सोयीचा.

आम्ही वद्य द्वितीयेला झुंजूमुंजू असतानाच खडपावर उतरलो. काळा दगड, मधी मधी पाण्याची डबकी, शेवाळानं निसरडं. भाचीचे सात-आठ सोबती होते, सातारा-सांगलीचे त्यात तिघं. त्यांनी वरच्या कोरड्या दगडापासनं पार पाण्याच्या कडंपर्यंत एक दोर ताणला. दोरावर ठरावीक अंतरानं खुणा. प्रत्येक खुणंपाशी पाईपची अर्ध्या मीटरची चौकट ठेवायची आणि चौकटीत जेवढं जिवंत दिसंल तेवढं मोजायचं. किती शंख, किती कालवं, किती शेवाळ. वहीत लिहायचं, फोटो घ्यायचा, चौकट उचलून पुढं.

मला हसू आलं. भाची म्हणाली, “काय झालं मामा?” म्हटलं, “अगं, हा तर पीक कापणी प्रयोग.” आमच्याकडं आणेवारीला, विम्याला अधिकारी येतात, शिवारात मापाचा चौकोन आखतात, तेवढ्यातलं पीक कापून वजन करतात आणि त्यावरनं गावाचा उतारा काढतात. हे तेच, फक्त कापायचं नाही. तिच्या आईच्या काळात बरण्या भरून आणायचे. आता जीव जागच्या जागी मोजतात आणि उचललेला दगड होता तसा ठेवतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गातली चिरफाडही थांबवायला सांगितली. हा बदल मला पटला. बरणीतला जीव कसा दिसतो ते कळतं, कसा जगतो ते कळत नाही.

दोराच्या वरच्या टोकाला नुसते बारीक शंख आणि दगडाला चिकटलेल्या पांढऱ्या टोकदार टोप्या. ते दिवसातले कितीतरी तास कोरडे राहून जगतात. थोडं खाली कालवं, दगडाला सिमेंटनं बसवल्यागत. त्याच्या खाली हिरवं-तांबडं शेवाळ, खेकडे, आणि डबक्यांत कायकाय. डोंगर चढताना झाडं बदलत जातात तसंच हे. फक्त आमच्याकडं जे हजार फुटांत होतं ते इथं दोन पुरुष उंचीत होतं. कोण किती वेळ उन्हात तग धरतो त्यावर ज्याची त्याची जागा ठरलेली.

जवळच एक म्हातारी लोखंडी हत्यारानं कालवं फोडत होती. पोरं तिला मावशी म्हणत होती. एका पोरानं शंख दाखवून लॅटिन नाव सांगितलं, मावशीनं तिचं सांगितलं आणि म्हणाली, हा पावसाच्या आधी वरच्या दगडावर येतो. पोरानं तेही वहीत लिहिलं, बाजूला तारीख टाकली. खरं-खोटं पुढच्या वर्षी तपासणार म्हणाला. मला ते आवडलं. मावशीचं ऐकायचं, पण तपासायचं. आणि पुस्तकाचंही तसंच.

भाचीच्या पिशवीत एक नळीसारखं यंत्र होतं. काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडं धरून बघायचं. बहीण म्हणाली, “हे तर आमच्या बागंतलं.” बरोबर. द्राक्षाची गोडी मोजायला तिच्या घरी तसंच यंत्र आहे, उसालाही वापरतात. हे खारेपणाचं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. भाचीनं आदल्या महिन्यात वाशिष्ठीच्या खाडीत ते लावून बघितलं होतं. दाभोळच्या तोंडाशी खारट, चिपळूणकडं सरकावं तसं अळणी. ती म्हणाली, “मामा, बाकीच्या खाड्यांना उन्हाळ्यात वरनं गोडं पाणी जवळजवळ बंद होतं. हिला मार्च-एप्रिलमध्येही येतं, ते आपल्या कोयनेचं. खाडीतल्या शिंपल्यांना, माशांच्या पिलांना खारेपणा बदलला की सगळंच बदलतं. म्हणून मोजत राहायचं.”

मी गप्प झालो. धरणानं आमच्या लोकांची गावं उठवली, ते दुःख आम्हाला माहीत होतं. वीज मिळाली, तेही माहीत होतं. पण ते पाणी खाली जाऊन कुणाच्या तरी खाडीची चव बदलतं, कुणाच्या तरी जाळ्यात काय येणार ते ठरवतं, ह्याचा विचार आमच्या सात पिढ्यांत कुणी केला नव्हता. आणि जे कोयनेचं ते कृष्णेचंही. आम्ही उसाला पोत्यानं युरिया ओततो. पिकानं घेतला तेवढा घेतला, उरलेल्यातला पावसात धुऊन ओढ्याला, ओढ्यातनं नदीला. नदी कुठं थांबते?

बहीण इतक्यात पुढं गेली होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचून एका डबक्यापाशी वाकलेली. भाची तिच्याजवळ गेली. पाण्यात दगडाला चिकटलेलं बशीएवढं काहीतरी होतं, मातकट हिरवं, भोवती बारीक बोटांसारख्या झालरी हलत होत्या. भाची म्हणाली, “आई, हळूच. बोट नुसतं टेकव.” बहिणीनं बोट टेकवलं. झालरी आत ओढल्या गेल्या आणि त्याचा नुसता गोळा झाला. तिनं हात मागं घेतला. थोड्या वेळानं ते परत उमललं. तिनं परत बोट नेलं, पण टेकवलं नाही.

“मी ह्याला लालभडक रंग दिला हुता,” ती म्हणाली. “पुस्तकात तसाच हुता.”

मी म्हटलं, “माझं चुकलं तवा.”

ती म्हणाली, “दादा, पाय बघ, निसरडंय.”

सव्वासातला पाणी परतायला लागलं. पोरांनी दोर गुंडाळला. वरच्या दगडावर बसून आम्ही आणलेली भाकरी-चटणी खाल्ली, मावशीलाही दिली. कोवळ्या उन्हात भाची वहीतले आकडे जुळवत होती आणि बहीण तिच्या खांद्यावरनं बघत होती. एका ठिकाणी तिनं बोट ठेवून विचारलं, “हितं आठ लिवलंय, मी नऊ मोजलं हुतं.” भाचीनं फोटो काढून परत मोजलं. नऊच होते.

ह्याला आता काही वर्षं झाली. भाची पुढचं शिकून नोकरीला लागली, समुद्राच्याच कामाला आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आलेल्या दोन कासवांच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारी यंत्रं बसवली, तेव्हा तिनं मला फोन करून सांगितलं. त्यातलं बागेश्री नावाचं कासव दक्षिणेला गेलं, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरलं. गुहागर म्हणजे दाभोळच्या खाडीच्या तोंडाजवळच. कोयनेचं वळवलेलं पाणी जिथं समुद्राला मिळतं त्या बाजूनं ते निघालं आणि न वळवलेलं पाणी कृष्णेतनं जिथं मिळतं त्या समुद्रात पोचलं. मी बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे दोन्ही आपल्याच पाण्यात.”

जर्नल अजून ट्रंकेत आहे. मागच्या दिवाळीला तासगावला गेलो तेव्हा मी ते मागून घेऊन चाळलं. ‘छान’ शेरा तसाच आहे. समुद्रफुलाच्या चित्राखाली तिनं बारीक पेन्सिलीनं एक ओळ नव्यानं लिहिलीय : रंग मातकट हिरवा, रत्नागिरी, स्वतः पाहिले. खाली तारीख घातलीय.